सहा पॅक्स डोंगराच्या पलीकडे

जपानातल्या हाकोनेची चौकशी आली की पहिला प्रश्न ठरलेला: "तिथलं चांगलं हॉटेल कोणतं?" आमच्या सहली आखण्याच्या धंद्यात या प्रश्नाला लगेच उत्तर देणारा माणूस हाकोनेला गेलेला नसतो. हाकोने हे काही एक गाव नव्हे. जुन्या ज्वालामुखीच्या कढईत आणि तिच्या उतारांवर विखुरलेल्या वस्त्या आहेत त्या. एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) गरम झऱ्यांची सात ठिकाणं मोजत, आज त्याच्या दुपटीहून जास्त आहेत. हॉटेल नंतर, आधी वस्ती. आणि वस्ती ठरवताना बघायचं ते असं: पाणी कसलं, चढ किती, शेवटची गाडी कधी, जेवण किती वाजता.

हे सगळं माहीत असूनही गेल्या दिवाळीच्या सुट्टीतल्या एका फाइलचा हिशेब अजून माझ्या डोक्यात जुळत नाही.

नाशिकचं कुटुंब, सहा पॅक्स, म्हणजे आमच्या भाषेत सहा प्रवासी. नवरा-बायको, सोळा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा, नवऱ्याची बहीण आणि ७६ वर्षांच्या आजी, दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या. सगळे शाकाहारी, अंडं केकमधलं चालेल, ताटातलं नाही. तोक्योत चार रात्री, हाकोनेत एक, मग क्योतो. हाकोनेची रात्र ३ नोव्हेंबरची, आणि ती हलवता येत नव्हती, कारण पुढचं सगळं बुक झालेलं. ३ नोव्हेंबरला जपानात राष्ट्रीय सुट्टी असते, आणि हाकोने-युमोतोमध्ये त्याच दिवशी सरदारी थाटाची मोठी मिरवणूक निघते. रस्ते तुंबणार हे मला माहीत होतं. म्हणजे ही सबब मला नाही.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याचं हाकोने म्हणजे युमोतो. स्टेशनजवळचं मोठं हॉटेल, बुफे, फाइल बंद. त्याचं अगदीच चुकतं असं नाही. तोक्योतल्या शिंजुकूहून रोमान्सकार ही गाडी दीड तासात थेट युमोतोला येते, चढ कमी, दुकानं भरपूर. पण युमोतोचं पाणी स्वच्छ, रंगहीन, सौम्य. क्लायंटच्या बहिणीने मला फोटो पाठवला होता तो दुधासारख्या पांढऱ्या पाण्याचा. ते पाणी ओवाकुदानी या ज्वालामुखीच्या दरीतल्या गंधकाच्या वाफेवरून तयार करून पाइपने खाली आणतात, आणि ते मिळतं सेन्गोकुहाराला आणि गोराच्या काही पारंपरिक जपानी निवासांत, म्हणजे र्‍योकानमध्ये. सेन्गोकुहाराला रेल्वे नाही, फक्त बस. शिवाय शरदात तिथल्या सुसुकी गवताचे पिसारे बघायला अर्धं तोक्यो लोटतं. तळ्याकाठचं मोतो-हाकोने मुलाला हवं होतं, फुजी दिसतो म्हणून. (गोरा किंवा युमोतोहून फुजी दिसत नाही, मध्ये डोंगर येतो. हे न सांगता खोली विकणारे आहेत.) पण मोतो-हाकोनेलाही बसच.

म्हणून गोरा. युमोतोहून डोंगरातली छोटी रेल्वे येते. जेमतेम नऊ किलोमीटरला चाळीसेक मिनिटं लागतात, कारण तेवढ्यात ती जवळजवळ साडेचारशे मीटर चढते. वाटेत तीन ठिकाणी गाडी थांबून उलट्या तोंडाने निघते. ड्रायव्हर आणि गार्ड प्लॅटफॉर्मवरून चालत जाऊन जागा बदलतात. गोराहून पुढे सोउन्झानपर्यंत केबल कार, म्हणजे आपल्या वणीच्या गडावरच्या ट्रॉलीची भावंड. तिथून रोपवे ओवाकुदानीवरून तळ्याकाठच्या तोगेन्दाईला उतरतो. नकाशावर गोरा सगळ्याच्या मधोमध दिसतं. नकाशावर चढ दिसत नाही. "स्टेशनपासून पाच मिनिटं" हे वाक्य गोरात वरच्या बाजूला एक असतं आणि खालच्या बाजूला दुसरंच. त्यामुळे मी र्‍योकानची व्हॅन स्टेशनवर येते का हे विचारून घेतलं. येते, दुपारी दोन ते पाच.

खोली निवडतानाची मेहनत क्लायंटला कधी दिसत नाही. र्‍योकानचा दर खोलीचा नसतो, माणशी असतो, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरून. वर स्नानकर, बहुतेक ठिकाणी माणशी १५० येन. सुट्टीच्या आदल्या रात्रीला शनिवारचा दर लागतो. आजींसाठी पलंगवाली खोली हवी होती, जमिनीवरची फुतोन गादी नाही, जेवण खुर्ची-टेबलावर. वज्रेश्वरी, उन्हवरे डोक्यात ठेवून जाणाऱ्यांना सांगावं लागतं की तिथे अंगावर चिंधीसुद्धा न ठेवता कुंडात उतरायचं, बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं, आणि साबण बाहेर बसून लावायचा. हे ऐकून फोनवर जी शांतता पसरते ती मला आता पाठ आहे. मार्ग दोन: खोलीलाच जोडलेलं उघड्यावरचं टब, किंवा कुटुंबासाठी पाऊण तास राखून मिळणारं वेगळं कुंड. पहिल्यात एक फसगत आहे. बुकिंग साइटवर "खोलीत ओपन एअर बाथ" असा एकच फिल्टर असतो. पण कित्येक ठिकाणी त्या टबात येतं ते नळाचं तापवलेलं पाणी. झऱ्याचं आहे की नाही, हे जपानी पानावर खोलीच्या तपशिलात लिहिलेलं असतं, इंग्रजी पानावर गाळलेलं. पट्टीचे एजंटही इथे फसतात. मी राखीव कुंड घेतलं: बायकांना रात्री आठ ते पावणेनऊ, पुरुषांना त्यानंतर.

आणि जेवण. शाकाहारी म्हटलं की स्वयंपाकघर मासे-मटण काढतं, दाशी ठेवतं. दाशी म्हणजे सुकवलेल्या बोनितो माशाच्या काढ्याचं पाणी. ते मिसो सूपमध्ये असतं, उकडलेल्या भोपळ्यात असतं, तेम्पुराबरोबरच्या सॉसमध्येही असतं. सात मेल झाल्या. शेवटी ठरलं: दाशी कोम्बू या समुद्री शेवाळाची आणि वाळवलेल्या शिइताके अळंब्यांची, तिळाचं तोफू, युबा (सोयाच्या दुधावरची साय), मिसो लावून भाजलेलं वांगं, भाज्यांचा तेम्पुरा सॉसऐवजी मिठाबरोबर, अंड्याचं चावानमुशी रद्द. तो मेन्यू मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला होता.

मोठ्या बॅगा तोक्योहून परस्पर क्योतोच्या हॉटेलवर कुरिअरने पाठवल्या. बॅगेला दोन-तीन हजार येन पडतात आणि ते वसूल होतात. हातातल्या छोट्या बॅगा युमोतो स्टेशनच्या काउंटरवर दिल्या, त्या दुपारी र्‍योकानवर पोचतात.

आता माझी हुशारी. सगळे लोक हाकोनेचा फेरा युमोतो, गोरा, रोपवे, तळं असा करतात. मी उलटा लावला: युमोतोहून बसने मोतो-हाकोने, बोटीने तोगेन्दाई, रोपवेने वर, केबल कारने खाली गोरा, साडेतीनपर्यंत व्हॅन. गर्दीच्या विरुद्ध दिशेला, आणि शेवटचा टप्पा उताराचा. आजींच्या गुडघ्यांसाठी याहून बरा आराखडा नाही असं मला वाटलं, अजूनही कागदावर तसंच वाटतं.

मिरवणुकीमुळे बसच उशिरा सुटली. मोतो-हाकोनेला पोचायला सव्वाबारा झाले, पाण्यातल्या तोरीपाशी, म्हणजे देवळाच्या कमानीपाशी, फोटोच्या रांगेत अर्धा तास गेला, आणि दोन वाजून गेल्यावर बोटीतून तोगेन्दाईला उतरले तर रोपवे वाऱ्यामुळे बंद. यात नवल काही नाही. खिंडीवर वारा वाढला की तो थांबवतात. ओवाकुदानीत वायू वाढला तरी थांबवतात. २०१५ साली ज्वालामुखीच्या हालचालींमुळे तो भाग महिनोन्महिने बंद होता. मुद्दा एवढाच, की नेहमीच्या दिशेने गेलेला माणूस अशा वेळी र्‍योकानच्या बाजूला अडकतो. माझे सहाही जण डोंगराच्या पलीकडे होते.

पुण्यात तेव्हा अकरा वाजत होते. पर्याय दोन: बदली बसची रांग, जिचं शेपूट त्यांना दिसत नव्हतं, किंवा साधी बस गोराच्या रेल्वेवरच्या मियानोशिताला आणि तिथून रेल्वे. टॅक्सी सहा जणांना दोन लागणार, तिथे एकही नव्हती. आजी उभ्या राहू शकत नाहीत म्हणून मी साधी बस सांगितली, बसायला जागा मिळाली. पस्तीस-चाळीस मिनिटांचा रस्ता. सेन्गोकुहाराच्या गवतवाल्या गाड्या आणि मियानोशिताचा तिठा यांनी त्याचे दोन तास केले. थांब्यापासून मियानोशिता स्टेशन चढावर आहे. हे मला माहीत होतं, त्या क्षणी आठवलं नाही. पाचनंतर अंधार, आजींना तो चढ चढायला वीस मिनिटं.

तिथल्या साडेचारला मी र्‍योकानला फोन केला होता. जेवण साडेसहापर्यंत सुरू झालं तर ठीक. त्यानंतर? "मुझुकाशी", म्हणजे कठीण आहे. जपानी माणूस कठीण म्हणाला की ते नाहीच असतं, पण हे क्लायंटला पटवता येत नाही. व्हॅन पाचला बंद, कारण व्हॅन चालवणाराच संध्याकाळी जेवणाचे ट्रे वाढतो. गोरा स्टेशनवर टॅक्सीची रांग. दारात पोचले तेव्हा सहा वाजून पन्नास मिनिटं.

तो मेन्यू फेकला गेला. रात्रपाळीच्या बाईंनी माणुसकीने भाताचे गोळे करून खोलीत पाठवले; निम्म्यांत आत बोनितोचा चुरा. माझी शाकाहाराची यादी स्वयंपाकघराच्या फळ्यावर होती, रात्रपाळीकडे नव्हती. उमेबोशीचे (खारवलेल्या आंबट फळाचे) तीन गोळे सहा जणांत, आणि वर चकल्या नि बेसनाचे लाडू. पैसे परत नाहीत, आणि र्‍योकानचं म्हणणं बरोबर आहे: जेवण तयार होतं, पाहुणे नव्हते. क्लायंटला मात्र ते पैसे माझ्याकडून हवे आहेत, आणि माझे साहेब म्हणतात, "रोपवे म्हणजे फोर्स मेज्यूर", म्हणजे कोणाच्याच हातात नसलेली आपत्ती. वाऱ्याचं ठीक आहे. दिशा मी ठरवली होती.

मोतो-हाकोनेला मुक्काम असता तर रोपवे बंद होणं त्यांना कळलंही नसतं. युमोतोला असता तर उशीर झाला असता, पण बुफे उघडा असता. म्हणजे शेजारच्या सहकाऱ्याची कंटाळवाणी निवड त्या दिवशी जिंकली, आणि तो ते तोंडावर बोलत नाही हेच जास्त लागतं. दुसरीकडे असं, की फेरा मी सुलटा लावला असता आणि वारा सुटला नसता, तर केबल कारच्या रांगेत आजी पाऊण तास उभ्या राहिल्या असत्या आणि मला तेच ऐकावं लागलं असतं. आता सुट्टीच्या दिवसाची फाइल असेल तर मी पहिल्या दिवशी फेरा घालतच नाही. दुपारी थेट र्‍योकान, डोंगर दुसऱ्या दिवशी. दोन रात्री घ्यायला लोक तयार नसतात, तो भाग वेगळा.

आठ ते पावणेनऊचं कुंड मात्र त्यांनी सोडलं नाही. चांदी काढून ठेवा, गंधकाने काळी पडते, हे मी सूचनांमध्ये ठळक लिहिलं होतं. पैंजण निघाले. आजींची जोडवी पन्नास वर्षांत निघालेली नाहीत, ती साबण लावूनही हलली नाहीत. सकाळी सहाला मला फोटो आला: तातामीच्या चटईवर टेकवलेला सुजका पाय आणि कोळशासारखी दोन जोडवी. खाली मुलीचा प्रश्न, परत पांढरी होतील का. मी लिहिलं, क्योतोला पोचल्यावर वाटीत अ‍ॅल्युमिनियमची फॉइल घाला, खायचा सोडा, वर गरम पाणी, आणि बोटं सोसेल तेवढा वेळ बुडवा. दुपारी उत्तर आलं: एक झालं, दुसरं होतंय.