“पिरनीजपर्यंत रंगव”

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवण्याविषयी पत्र आले आणि डोळ्यांपुढे उभा राहिला तो मागच्या इमारतीतला नववीचा इतिहासाचा तास, बाई आणि त्यांनी शिकवलेली राणी एलिनॉर. बाई म्हणजे कोण, हे आपल्या शाळेत कुणाला वेगळे सांगायला नको.

एलिनॉर पाठ्यपुस्तकात नव्हती. धर्मयुद्धांच्या धड्याला बाईंनी फळ्यावर फ्रान्सचा नकाशा काढला आणि ११३७ साली वडील वारल्यावर फ्रान्सच्या नैऋत्येचा अ‍ॅक्विटेन हा प्रांत ज्या कोवळ्या मुलीच्या वाट्याला आला, तिचा मुलूख रंगवायला मला उभे केले. सरदाराच्या लेकीची जमीन राजाच्या जमिनीहून मोठी कशी असेल, असे धरून मी तळहाताएवढा तुकडा रंगवला आणि थांबलो. बाई म्हणाल्या, “थांबलास का? पिरनीजपर्यंत रंगव.” म्हणजे थेट स्पेनच्या सीमेवरच्या डोंगरांपर्यंत. खडू झिजून नखे फळ्याला लागली, तेव्हा कुठे तो मुलूख संपला. मग पॅरिस आणि ऑर्लेआँच्या भोवती राजाच्या प्रत्यक्ष ताब्यातली चिंचोळी पट्टी आखून बाईंनी विचारले, “आता सांगा, या लग्नाची गरज कुणाला होती?”

पुढचे सारे या प्रश्नातूनच उलगडत गेले. त्याच जुलैत बोर्दोला राजपुत्र लुईशी तिचा विवाह झाला आणि आठवडाभरात सासरे वारल्याने ती फ्रान्सची राणी झाली. ११५२ च्या मार्चमध्ये तो विवाह रद्द झाला, तरी अ‍ॅक्विटेन तिचेच राहिले, हे बाई दोनदा सांगत. दोन महिन्यांच्या आत तिने पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हेन्रीशी लग्न केले आणि ११५४ मध्ये ती इंग्लंडचीही राणी झाली. मुलांच्या बंडाला साथ दिली म्हणून याच नवऱ्याने तिला सुमारे १६ वर्षे कैदेत ठेवले. पण बाईंचा आवाज भरून येई तो त्यानंतरच्या भागाला: सत्तरीच्या घरातली ही आई जर्मनीत कैद असलेल्या मुलाच्या, रिचर्डच्या सुटकेसाठी चांदी गोळा करून स्वतः तिकडे गेली आणि ११९४ मध्ये त्याला सोडवून घेऊन आली.

आज मी पुलांच्या बांधकामाचा सल्लागार आहे. कामानिमित्त फ्रान्सला गेलो असता वाट वाकडी करून फाँतव्रोचा मठ गाठला. तिथे हेन्री आणि रिचर्ड यांच्या सोबतीने तिची दगडी प्रतिमा पहुडलेली आहे. डोक्यावर मुकुट आणि दोन्ही हातांत उघडे पुस्तक. मी बराच वेळ तिच्यापाशी उभा राहिलो.

मागची इमारत आता नाही. तो फळा कुठे गेला, हे कुणालाच सांगता आले नाही, याची हळहळ वाटते.

परत आल्यावर फोटो घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून तो डोळ्यांजवळ धरला, पुस्तकावरून बोट फिरवले आणि टेबलावरची वही व पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. मी फ्रान्सची किनारपट्टी काढली, ल्वार नदी काढली आणि खाली पिरनीजपर्यंत रंगवत गेलो.