मेल्विन आणि शेजारचं कुत्रं

काल रात्री ‘अ‍ॅज गुड अ‍ॅज इट गेट्स’ पुन्हा पाहिला. १९९७ चा सिनेमा, पण माझ्यासाठी अजून शिळा झालेला नाही. न्यूयॉर्कमधला मेल्विन प्रेमकथा लिहितो आणि दारात माणूस आलेला त्याला खपत नाही. फरशीच्या फटीवर पाय पडू देत नाही, हॉटेलात स्वतःचे प्लॅस्टिकचे काटे-चमचे नेतो. जॅक निकल्सन आणि हेलन हंट, दोघांनाही ऑस्कर मिळालं, ते योग्यच.

पण मी दरवेळी थांबते ते त्या हॉटेलात त्याला वाढणाऱ्या कॅरलच्या (हेलन हंट) घरी डॉक्टर येतात तिथे. तिच्या मुलाला दमा. मेल्विन खर्च उचलतो तो तिने कामावर परत येऊन त्यालाच वाढावं म्हणून. हेतू स्वार्थी, तरी पोराला श्वास मिळतो. माझ्या धाकट्या भावालाही दमा होता. आई रात्ररात्र त्याला छातीशी धरून बसायची. कॅरल डॉक्टरांना प्रश्नांवर प्रश्न विचारते, तेव्हा मला आईच दिसते.

आणि ते शेजारच्या चित्रकाराचं कुत्रं! मेल्विनने ज्याला इमारतीतल्या कचरा टाकायच्या नळकांड्यातून खाली टाकलं, तेच पुढे त्याच्यासारखं फटी टाळत चालतं. काही दिवस सांभाळलेलं ते कुत्रं परत द्यावं लागतं, तेव्हा हा माणूस पियानोपाशी बसून रडतो. माझ्या मते त्याचं प्रेम तिथेच सुरू झालं, कॅरलच्याही आधी.