आईच्या कानांनी पाहिलेले सिनेमे

गुरुवार, रात्री

'कुंकू'ला पार्श्वसंगीत नाही. 1937 साली व्ही. शांतारामांनी 'प्रभात' फिल्म कंपनीसाठी काढलेला हा चित्रपट. त्यात जे ऐकू येतं ते सगळं त्या घरातलं आणि त्या रस्त्यावरचं असतं. पावलं, दाराची कडी, भांडी, घड्याळ. गाणं आलंच तर त्याचं कारणही समोर दिसतं, ग्रामोफोन तरी असतो नाहीतर दाराशी आलेला गाणारा. हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण ते किती खरं आहे हे आज आईच्या शेजारी बसल्यावर कळलं.

आईच्या दोन्ही डोळ्यांचा पडदा गेली काही वर्षं झिजत चाललाय. कडेचं थोडंफार दिसतं, पण नेमकं जिथे बघायचं तिथे धुरकट डाग. समोरच्याचा चेहरा तिला दिसत नाही, त्याची चप्पल दिसते. मालिका तिने आपणहून सोडल्या. त्यात संगीत सारखं धाडधाड वाजतं, त्याखाली बोलणं बुडून जातं, आणि चेहरा दिसत नसेल तर कोण चिडलंय, कोण रडतंय काही पत्ता लागत नाही. म्हणून मग मी जुने चित्रपट लावायला लागले. संध्याकाळी कामोठ्याला घरी पोचले की जेवणं उरकायची, गॅलरीचं दार लावून घ्यायचं म्हणजे हायवेचा आवाज आत येत नाही, आणि बसायचं.

आज सुरुवातीलाच आईने विचारलं, "घड्याळ कुणाचं गं एवढं वाजतंय? आपलं का त्यांचं?"

त्यांचंच होतं. काकासाहेबांचं. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली नीरा त्या घरात येते आणि ते जुनं घड्याळ टिकटिक करत राहतं. काकासाहेबांचं वय बोलून दाखवायला दुसरं काही लागतच नाही. काकासाहेब झालेले केशवराव दाते खोकतात, घसा साफ करतात, एखादं वाक्य अर्ध्यात सोडून देतात, आणि आईला तो माणूस पुरता कळतो. "वाईट नाहीये गं तो," ती म्हणाली, "पण त्याला लाज वाटायला हवी होती आधी." अख्ख्या चित्रपटाचा गाभा तिने एका वाक्यात सांगितला, आणि तोही शेवट यायच्या कितीतरी आधी.

शांता आपटे स्वतः गायच्या. त्यामुळे बोलणारी नीरा आणि गाणारी नीरा एकाच गळ्यातून येते, मध्ये सांधा नाही. सावत्र मुलगा नको तसं वागायला लागतो तेव्हा ती छडी उचलते. त्या प्रसंगात आई खुर्चीत पुढे सरकून बसली. छडीचे फटके ऐकत म्हणाली, "मार. अजून मार."

काकासाहेबांच्या विधवा मुलीचं काम शकुंतला परांजप्यांनी केलंय. नीरेची बाजू घेणारी, बापाला तोंडावर सुनावणारी. पुढे संततिनियमनाच्या प्रचारासाठी आयुष्य घातलं त्याच या. त्यांचा आवाज ऐकला की ही बाई पाठ केलेले संवाद म्हणत नाहीये, हे जाणवतं.

शुक्रवार

संध्याकाळपासून पाऊस, आठच्या सुमाराला वीज गेली. सिनेमा नाही.

अंधारात आई तंबूतल्या सिनेमाबद्दल बोलत बसली. तिचं माहेर पेणजवळचं. जत्रेला तंबू यायचा, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, बाहेर जनरेटरची घरघर. 'सांगत्ये ऐका' तिने तिथेच पाहिला. जयश्री गडकरांनी 'बुगडी माझी सांडली गं' सुरू केल्यावर पुरुषांच्या बाजूने काय गदारोळ उठला, ते सांगताना आज इतक्या वर्षांनीही तिचा आवाज चढला. गाणं आशाबाईंचं, शब्द गदिमांचे, चाल वसंत पवारांची. आईला यातलं कुणाचंही नाव तेव्हा ठाऊक नव्हतं. गाणं मात्र घरी येईपर्यंत पाठ झालं होतं आणि त्यावरून आजोबांची बोलणीही खाऊन झाली होती.

शनिवार, रात्री उशिरा

'संत तुकाराम'.

हा चित्रपट मी कितीही वेळा बघेन. 1936 सालचा आहे, व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलाय, हे सगळं आहेच. पण माझं त्याच्यावरचं प्रेम जिजाईमुळे आहे. गौरी नावाच्या अभिनेत्रीने ती उभी केलीय. तुकोबा अभंगात रमलेले आणि ही बाई चूल, पोरं, म्हैस, सावकार यांच्याशी एकटी झुंजतेय. मुलगा तापाने फणफणलेला असताना ती सरळ देवळात जाऊन विठोबालाच जाब विचारते. तिच्या भांडणात इतकी माया आहे की भक्ती कुणाची मोठी हा प्रश्न पडावा. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात आणि ती पोरांसाठी मागे राहते. मला तो चमत्कार गरुडाच्या विमानात दिसत नाही, तिच्या मागे राहण्यात दिसतो.

आई मात्र तुकोबा झालेल्या पागनिसांकडे कान लावून बसते. विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर आधी स्त्री-भूमिका करायचे. त्यांच्या बोलण्यात एक मऊपणा आहे, वाक्याच्या शेवटी आवाज खाली उतरतो आणि तिथेच अभंग सुरू होतो. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे लागलं हे ध्यानातच येत नाही. 'आधी बीज एकले' हा तुकोबांचा अभंग नव्हे, तो शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिला. भल्याभल्यांना तो गाथेतलाच वाटला. आई अजूनही मानायला तयार नाही. "असू दे कुणाचा लिहिलेला, तुकारामाचाच आहे तो," असा तिचा निकाल.

दिग्दर्शक दोघे. त्यातले फत्तेलाल कलादिग्दर्शनाचे आणि विष्णुपंत दामले ध्वनिमुद्रणाचे जाणकार. मला वाटतं, या चित्रपटात डोळे मिटून बसलं तरी देहू दिसतं, त्याचं मूळ इथेच असावं. मराठी बोलपटाला तेव्हा पुरती पाच वर्षंही झालेली नव्हती. 1932 सालच्या 'अयोध्येचा राजा'त गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांना कॅमेऱ्यासमोरच गावं लागलं होतं, कारण पार्श्वगायन अजून आलेलंच नव्हतं. साथीदार चौकटीबाहेर बसायचे. शिंक आली की सगळं पुन्हा. अशा शिस्तीत तयार झालेली माणसं शब्द कसा टाकत असतील याचा आपण विचारच करत नाही. पडद्यावरचा प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेलाच पाहिजे, अशा हिशेबाने बोललेला असतो. म्हणून तर एवढ्या वर्षांनी तो माझ्या आईपर्यंत पोचतो.

एका गोष्टीचं मात्र वाईट वाटतं. आज इंटरनेटवर जी प्रत मिळाली तिच्यात मध्येच आवाज बुडतो, एका अभंगाची ओळ तुटते. ही माणसं एवढी जपून बोलली आणि आपल्याला त्यांचं बोलणं जपता आलं नाही. जुनी फिल्म नायट्रेटची असायची, नुसत्या उष्णतेनेही पेट घेणारी. पुण्यात 2003 साली अशा नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात 'प्रभात'ची रिळंही गेली. चित्रपट नाहीसे झाले नाहीत, पुढच्या प्रती शिल्लक आहेत. पण मूळ रिळावरचा आवाज वेगळा असतो, आणि तो पुन्हा मिळत नाही. ही बातमी वाचली होती तेव्हाही चुटपुट लागली होती. आज आई तुटलेली ओळ स्वतःच्या आवाजात पुरी करत होती तेव्हा ती जास्त लागली.

रविवार

सकाळी पनवेलच्या बाजारात शेवळं ही रानभाजी दिसली. पहिला पाऊस पडला की डोंगराकडच्या ठाकर आणि कातकरी बायका घेऊन येतात, सोबत काकडं, ती आंबट फळं. जोडी सोडून घ्यायची नाही, नाहीतर घसा खवखवतो. एक जुडी घेतली.

शेवळं निवडायचं काम आई कुणाला देत नाही. हाताला खोबरेल लावून बसली. वरचं पातं बोटाने सोलायचं, आतला दांडा चाचपायचा, दाणेदार पिवळा भाग नखाने काढून टाकायचा कारण खाज त्याच्यातच असते, उरलेलं बारीक चिरायचं. डोळ्यांची गरज नाही. मी तिच्यासमोर पाटावर वर्तमानपत्र पसरलं आणि 'जैत रे जैत' लावला.

हा चित्रपट आमच्या भागाचा आहे. गोनीदांची कादंबरी कर्नाळ्याच्या पायथ्याच्या ठाकरांची. त्यातला लिंगोबाचा डोंगर म्हणजे गोव्याच्या रस्त्याला पळस्प्याच्या पुढे गेलं की जो दिसायला लागतो तो कर्नाळ्याचा सुळका. आम्ही सगळे त्याला अंगठाच म्हणतो. सुळक्याला आजही मधमाश्यांची पोळी असतात. रोज हजारो गाड्या त्याच्याखालून जातात. त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल की नाग्या ज्या पोळ्यांवर सूड उगवायला चढतो ती ही? मला हे नेहमी सांगावंसं वाटतं. पाहुणे आले आणि त्या बाजूला गेलो की सांगतेच.

जब्बार पटेलांनी 1977 साली तो केला. नाग्या ढोल वाजवणारा, पुण्यवंत व्हायला निघालेला. राणीमाशी त्याच्या डोळ्याला डसते, एक डोळा जातो, आणि मग त्याला डोंगरावरची पोळी झाडण्यावाचून दुसरं काही सुचत नाही. चिंधी नवऱ्याला सोडून त्याच्याकडे येते आणि त्याच्या त्या वेडात उभी राहते. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील. शेवटी पोळी खाली येतात, नाग्याची जैत होते आणि चिंधी मरते. मी तो प्रसंग आजवर कधी कोरड्या डोळ्यांनी पाहिलेला नाही.

पण आज वेगळंच काही झालं. या चित्रपटात गोष्ट गाण्यातूनच पुढे सरकते, हृदयनाथांच्या चाली आणि ना. धों. महानोरांचे शब्द, रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे यांचे आवाज. आईला काहीही समजावून सांगावं लागलं नाही. ढोल वाजला की तिचा चिरण्याचा वेग वाढायचा. 'जांभूळपिकल्या झाडाखाली' सुरू झालं तेव्हा तिने हात थांबवला आणि तोंडातल्या तोंडात म्हणत राहिली. महानोरांच्या ओळी छापून वाचल्या तर कविता वाटतात. इथे त्या डोंगरातून आल्यासारख्या येतात, त्या बायकांच्या बोलण्यातून उगवलेल्या. मघाशी बाजारात शेवळांचा भाव सांगणाऱ्या बाईचा हेल माझ्या कानात होता. त्या हेलाच्या जवळ जाणारं काही पडद्यावर ऐकायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. पुढच्या कितीतरी मराठी चित्रपटांतली गावाकडची भाषा एकसारखी झाली, कुठल्याच गावची राहिली नाही.

डोळा गेल्याच्या प्रसंगाला मी आईकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती काही बोलेल. ती म्हणाली, "एका डोळ्यासाठी एवढं? दुसरा होता ना." आणि पुन्हा शेवळं चिरायला लागली.

विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली तेव्हा मी बसमधून रोज थोडी थोडी कमी होताना पाहिली होती. तिच्यावर कुणी कादंबरी लिहिली नव्हती, चित्रपट काढला नव्हता. तिथल्या गावांतल्या लोकांकडे तिच्या काही गोष्टी असणारच. त्या कुणी विचारून ठेवायला हव्यात.

सोमवार

ठाण्याहून दादाचा फोन. त्याचं म्हणणं, जब्बार पटेलांचा सगळ्यात मोठा चित्रपट 'सिंहासन'. आमचा हा जुना वाद. 'सिंहासन' मला आवडतोच. निळू फुल्यांचा दिगू टिपणीस, अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, सुरेश भटांचं 'उषःकाल होता होता', सगळं मान्य. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या तेंडुलकरांनी ज्या ताकदीने एका पटकथेत बांधल्या तेही मान्य. तरी माझं मत 'सामना'ला. 'सिंहासन'मध्ये पत्रकाराला सगळं कळत असतं आणि शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. 'सामना'तला दारुडा मास्तर एकच प्रश्न घेऊन गावभर फिरतो, मारुती कांबळेचं काय झालं? त्याला सत्ता नको, बातमी नको, फक्त उत्तर हवंय. मास्तर झालेले डॉक्टर लागू तो प्रश्न दरवेळी वेगळ्या आवाजात विचारतात, आणि गावावर सत्ता चालवणारा हिंदुराव झालेले निळूभाऊ दरवेळी त्याला वेगळ्या आवाजात उडवून लावतात. दोन नटांनी एवढं ऐकून घेत एकमेकांसमोर काम केलेलं मराठी पडद्यावर मला दुसरं आठवत नाही. दादा म्हणाला, तू भावनेने बोलतेस. मी म्हटलं, भावनेनेच बोलायची गोष्ट आहे ही.

आईने फोन मागून घेतला आणि त्याला सांगितलं की तुमचे दोन्ही राजकारणाचे, मला पुढच्या शनिवारी 'शेजारी' बघायचाय, जिवा पाटील आणि मिर्झाचा. "तू पण ये. धरण फुटायच्या वेळी हिने आवाज बारीक केला तर चालायचं नाही, तो मोठा स्पीकर घेऊन ये."

दादा येतोय. स्पीकर मुलाच्या खोलीतून काढावा लागेल, त्याची वायर कुठे आहे ते तो उद्या शोधून सांगतो म्हणाला.