बॉक्ससकट आहे का?

दुर्मिळ खेळणी जमवणाऱ्यांचा एक अलिखित नियम आहे: बॉक्स फोडायचा नाही. आतल्या बाहुलीपेक्षा खोक्याच्या कोपऱ्यांचा मान मोठा. एक कोपरा दबला की किंमत उतरली. हा नियम करणाऱ्याने पावसाळा वेंगुर्ल्यात काढलेला नसणार.

मृग लागला की आमच्याकडे मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर हिरवी लव धरते. तिथे जपानहून आलेल्या गुळगुळीत छापील पुठ्ठ्याची काय कथा! ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या झाल्या, कपाटात पिवळा बल्ब लावून झाला. पण पावसाळ्यात वीज आमच्याकडे घाईतल्या पाहुण्यासारखी येते, उंबऱ्यावरूनच परत जाते.

कलाकारांनी घडवलेली अशी खेळणी जमवायचा छंद तसा फार जुना नाही. १९९९ मध्ये हाँगकाँगच्या मायकल लाऊ या कलाकाराने ‘गार्डनर’ मालिकेच्या बाहुल्या प्रदर्शनात मांडल्या, आणि त्याच वर्षी कॉज या अमेरिकन चित्रकाराचा ‘कंपॅनियन’ हा बाहुला जपानमध्ये निघाला, मोजकेच नग. २००१ मध्ये मेडिकॉम टॉय या जपानी कंपनीचं बेअरब्रिक अस्वल आलं. त्याची उंची टक्क्यांत सांगतात: १०० टक्के म्हणजे ७ सेंटिमीटर, १००० टक्के म्हणजे ७०. आता पॉप मार्ट या चिनी कंपनीच्या लाबूबू बाहुलीचं राज्य आहे. बंद डब्यात कोण निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही, आणि ‘सिक्रेट’ बाहुली साधारण ७२ डब्यांत एक. साचा तयार, विनाइल प्लास्टिक तयार, माणसं तयार. फक्त कुठे थांबायचं ते कंपनीने आधीच ठरवलेलं. मला त्यात फसवणूक वाटत नाही. हवं तेवढं मिळणार असतं तर ऑनलाइन विक्री गाठायला मध्यरात्री रेंजसाठी फोन उंच धरून मी माडाखाली कशाला उभा राहिलो असतो?

आमच्या आत्याला लाबूबू दाखवला. टोकदार दात निरखून ती म्हणाली, “ह्येका दारार टांग. कोणाची दिष्ट लागाची नाय.” किंमत मी सांगितली नाही.

सावंतवाडीच्या चितार आळीत टंचाई निराळ्या वाटेने येते. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे आंबे, केळी, सीताफळं दुकानात कायम मांडलेली, म्हणून त्यांना कुणी दुर्मिळ म्हणत नाही. मला लहानपणी पाहिलेल्या धाटणीचा फणस हवा होता, बारीक काट्यांचा. दुकानदाराने मान हलवली. “करणारो आता कामाक बसणा नाय,” एवढंच. किती नग निघाले, शेवटचा कुणी नेला, कशाचीच नोंद नाही. ‘सोल्ड आउट’ची पाटीही लागली नाही. आणि त्या फणसाला बॉक्स तर कधीच नव्हता. वर्तमानपत्रात गुंडाळून मिळायचा.

शेवटी मीही सगळी खोकी फोडली. पुण्याच्या कोरड्या हवेत राहणाऱ्या एका मित्राला हे कळल्यावर त्याने दोन दिवस उत्तर दिलं नाही. खरं तर विनाइललाही इथलं हवामान मानवत नाही: उन्हाने पांढरा रंग पिवळा पडतो, उकाड्यात आतलं मऊ ठेवणारं रसायन पाझरून अंग चिकट होतं. पण निदान पुसता येतं. बुरशी लागलेला पुठ्ठा पुसला की त्यावरचं चित्रच फडक्यावर येतं. आता अस्वलं लाकडी आंब्यांशेजारी उभी असतात, शेजारची पोरं त्यांचे हात फिरवून बघतात. मी ओरडतो, पण तोंडदेखलं.

परवा मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने त्यातल्या एका अस्वलासाठी बरी रक्कम सांगितली आणि लगेच विचारलं, “बॉक्ससकट आहे का?” बॉक्स होता, देवघरात. आत्याने त्यात फुलवाती भरल्या होत्या. मी मागायला गेलो तर म्हणाली, “अस्वल दी. खोको देवचो नाय, झाकण बरा बसता.”