आईचे गुडघे आणि कूर्चा

हाड मोडलं तर जुळतं, मग सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झिजली की का भरत नाही? कारण तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात. वेंगुर्ल्यात आमची आई जांभ्याच्या पायऱ्या बसून उतरते आणि म्हणते, "ह्या वयात असाच चलतला गो." मला ते पटलं नाही, म्हणून वाचत सुटले.

१९९४ साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून गुडघ्यात बसवल्याचं प्रसिद्ध केलं. दक्षिण कोरियात २०१२ साली मान्यता मिळालेल्या कार्टिस्टेम नावाच्या उपचारात नाळेच्या रक्तातल्या स्टेम सेल (ज्यांच्यापासून इतर पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) हायलुरोनिक ॲसिडच्या जेलमध्ये मिसळून शस्त्रक्रियेत कूर्चेच्या खड्ड्यात भरतात. हे जेल म्हणजे हायड्रोजेल: ताडगोळ्यासारखं, भरपूर पाणी धरून ठेवणारं जाळं. त्यामुळे पेशी जागेवर राहतात, वाहून जात नाहीत. (मूळ कूर्चासुद्धा बहुतांश पाणीच, हे मला फार आवडलं.) पण नवी कूर्चा जुनीइतकी चिवट होणं, हेच खरं कठीण काम.

म्हणूनच एका इंजेक्शनात 'नवा गुडघा' कबूल करणाऱ्या जाहिरातींचा मला संताप येतो. आईला मी त्यात पडू देणार नाही. तूर्त मांडीच्या स्नायूंचे व्यायाम रोज करून घेते. त्यानं दुखणं कमी होतं, हे तरी नक्की.