वायुसेना दिनाला मी जर्मन विमानाला सलाम ठोकला त्याची गोष्ट

नाशिकला एका छोट्या एजन्सीत मी सोशल मीडिया बघते. म्हणजे सराफाचे गुढीपाडव्याचे पोस्टर, डेंटिस्टचे रील्स, आणि एका डिफेन्स अकॅडमीचं इन्स्टा-फेसबुक, जिथे अकरावी-बारावीची पोरं एनडीएची तयारी करतात. विमानातलं मला शष्प कळत नव्हतं आणि कळायला हवं असं कधी वाटलंही नव्हतं, कारण आपलं काम काय तर कॅलेंडरात दिनविशेष बघायचा, स्टॉक साइटवरून फोटो उचलायचा, वर दोन ओळी, खाली लोगो, झालं.

८ ऑक्टोबर म्हणजे वायुसेना दिन, १९३२ ला ह्या तारखेला स्थापना झाली. आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला आठवण आली. राफेल, तेजस सगळे टाकतात म्हणून म्हटलं आपण जरा जुनं काहीतरी टाकू, दुसऱ्या महायुद्धातलं. स्पिटफायर हे एका ब्रिटिश फायटरचं एकच नाव मला माहीत होतं. एक मस्त फोटो मिळाला, संध्याकाळचं आभाळ, नाकाशी पिवळा रंग, उडणारं पंख्याचं विमान. फोटोखाली नुसतं 'दुसऱ्या महायुद्धातलं फायटर' एवढंच लिहिलेलं. पोटावर एक काळा क्रॉस होता तो डिझायनरला डिझाइनमध्ये खुपत होता, म्हणून त्याने अकॅडमीचा लोगो बरोब्बर त्याच्यावर बसवला. चौकोनी साइज करताना शेपटी कापली गेली. म्हणजे हे विमान जर्मन आहे हे ओरडून सांगणाऱ्या दोनच गोष्टी होत्या त्या आम्ही आमच्या हाताने झाकल्या, आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं, 'भारतीय वायुसेनेच्या शूर स्पिटफायरला सलाम!'

सकाळी सातला पोस्ट गेली. पावणेआठला अकॅडमीतल्याच एका पोराची कमेंट: 'ताई हे जर्मन आहे.' मी त्याला हसण्याचा इमोजी टाकला, मला वाटलं गंमत करतोय. साडेआठला अकॅडमीच्या सरांचा फोन. आवाज अगदी शांत, जो जास्त वाईट असतो. "मॅडम, वायुसेना दिनाला हिटलरचं विमान टाकलंत का?"

आता इथे मी दुसरी चूक केली, आणि खरं सांगायचं तर पहिलीपेक्षा ही जास्त लाज आणणारी. घाईघाईत पोस्ट डिलीट केली. स्क्रीनशॉट तोवर तीन ग्रुपवर फिरून माझ्याच सोसायटीच्या ग्रुपवर आला होता. मग गडबडीत दुसरी पोस्ट: 'क्षमस्व, आधीच्या पोस्टमध्ये चुकून मेसरश्मिट १०९ ह्या जर्मन विमानाचा फोटो गेला, हे पहा खरे स्पिटफायर.' दहा मिनिटांत कोणीतरी लिहिलं की आता टाकलंय ते स्पिटफायर नसून हरिकेन आहे, म्हणजे त्याच काळातलं दुसरं ब्रिटिश फायटर. आणि त्याखाली दुसऱ्याने लिहिलं की सकाळचं तेही १०९ नव्हतं, एक्झॉस्ट (इंजिनाचा धूर सोडणाऱ्या नळ्या) बघा. म्हणजे माफीनाम्यात दोन विमानं आणि दोन्ही चुकलेली. डिझायनर म्हणाला एआयने बनवून घेऊ, कटकट नको. बनवलं. पंख्याला सात पाती आली आणि कॉकपिटमध्ये दोन माणसं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी. तो नाद सोडला.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात, वायुसेनेत इंजिन फिटर होते, शेवटची बरीच वर्षं ओझरच्या डेपोत काढली, आता प्लास्टिकची छोटी विमानं जोडत बसतात. सोसायटीच्या ग्रुपवर तो स्क्रीनशॉट त्यांनी बघितला असणारच. मी रात्री बेल वाजवली तर दार उघडत म्हणाले, "ये, बुचॉन ये." मला वाटलं काहीतरी शिवी आहे.

बुचॉन म्हणजे माझ्या फोटोतलं विमान. झालं असं की युद्ध चालू असतानाच स्पेनने मेसरश्मिट १०९ स्वतःकडे बनवायला घेतलं पण जर्मन इंजिनं मिळेनात, मग युद्धानंतर पुढे त्यांनी त्यात चक्क रोल्स रॉइसचं मर्लिन इंजिन बसवलं. स्पिटफायरमध्ये जे असायचं तेच. नाक खाली फुगलं म्हणून नाव पडलं बुचॉन, स्पॅनिशमध्ये छाती फुगवून चालणारं कबुतर. १९६९ मध्ये बॅटल ऑफ ब्रिटनवर, म्हणजे १९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईवर, मोठा सिनेमा आला त्यात जर्मन विमानं म्हणून हीच रंगवून उडवली, आणि आजही एअर शोमध्ये १०९ म्हणून पुष्कळदा हेच उडतं. वर काका म्हणाले की खऱ्या १०९ चं अगदी पहिलं विमान १९३५ ला उडालं तेही रोल्स रॉइसच्याच इंजिनावर, कारण जर्मन इंजिन तेव्हा तयार नव्हतं. मी म्हटलं काका मग मी अर्धी तरी बरोबर होते की नाही. ते म्हणाले, "नाही."

मग त्यांनी हाताची दोन बोटं व्हीसारखी केली. मर्लिन इंजिन असं, व्ही उभा, त्यामुळे एक्झॉस्टच्या नळ्या नाकाच्या वरच्या बाजूला दिसतात. आणि हात उलटा केला. १०९ चं डाइमलर बेंझ इंजिन असं, वटवाघळासारखं उलटं टांगलेलं, म्हणून त्याच्या नळ्या खालच्या बाजूला. कमेंटवाल्याने तेच पकडलं होतं. अंग १०९ चं पण नळ्या वर, म्हणजे बुचॉन. मला तोपर्यंत विमानाला सायलेन्सर असतो की नसतो ह्याचाही विचार पडला नव्हता.

पुढचे दोन आठवडे मी रोज जेवण झाल्यावर अर्धा तास वर जात होते. काकांची पहिली अट, रंगाकडे बघायचं नाही. क्रॉस, गोल, पिवळं नाक, काही नाही, कारण रंग काय कोणीही फासतो. आकार बघायचा, तोही ह्या क्रमाने: पंख, इंजिन, धड, शेपटी. युद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन पोरांना हेच शिकवायचे, त्यासाठी काळ्या सावल्यांचे पत्ते छापले होते, अक्षरशः खेळायचे पत्ते, आणि शाळेच्या मुलांकडूनही काळी मॉडेल्स बनवून घेतली होती. अमेरिकन नौदलात स्लाइड सेकंदाच्या छोट्याशा भागापुरती दाखवून विचारायचे, कोणतं होतं. काकांनी तो प्रकार मोबाईलवर सुरू केला. फोटो दाखवायचे, मी तोंड उघडायच्या आत फोन उलटा. पहिल्या दिवशी वीसातले चार. काकू चहा ठेवता ठेवता माझ्यापेक्षा जास्त बरोबर सांगत होत्या.

स्पिटफायर आणि हरिकेन, जिथे माझी दुसरी चूक झाली, ते मला आधी जमलं. स्पिटफायरचा पंख वरून बघितला तर करंजीसारखा आहे, पुढची कड जवळजवळ सरळ आणि मागची पोट सुटल्यासारखी वळत टोकाला येते. (काही स्पिटफायरची टोकं छाटलेली असतात, त्यामुळे ह्यावरच विसंबलात तर परत माझ्यासारखं होणार.) हरिकेनचा पंख जाड, पाठीला कुबड, आणि कॉकपिटच्या मागचा भाग धातूच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड, त्यामुळे उजेड बाजूने पडला की छत्रीच्या काड्या कापडातून दिसतात तशा रेघा दिसतात. चाकं बघा. हरिकेनची चाकं एकमेकांपासून लांब असतात आणि आत, पोटाकडे मिटतात. स्पिटफायरची एकमेकांच्या जवळ असतात आणि बाहेर, पंखाच्या टोकाकडे मिटतात. पण १०९ चीही बाहेरच मिटतात, म्हणजे चाकांवरून स्पिटफायर आणि हरिकेन वेगळं कळतं, स्पिटफायर आणि १०९ नाही. त्या दोघांना कॉकपिटवरची काच बघायची. स्पिटफायरची काच फुगीर आणि मागे सरकते, १०९ ची चपट्या तुकड्यांची, जाड चौकटीतली, पेटीच्या झाकणासारखी एका बाजूला उघडते. मग रेडिएटर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा डबा. हरिकेनला पोटाखाली मधोमध एकच. सुरुवातीच्या स्पिटफायरला एका पंखाखाली मोठा डबा आणि दुसऱ्याखाली लहान, एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घातल्यासारखं. मार्क सात, आठ, नऊला (मार्क म्हणजे विमानाच्या आवृत्तीचा नंबर) दोन्हीकडे सारखे. हे मी आता झोपेत सांगेन.

एकदा मी वैतागून म्हटलं, काका, आभाळात एवढं कोण बघत बसतं. तेव्हा त्यांनी सांगितलं ते ऐकून गप्प झाले. ब्रिटनने युद्ध पुकारलं ३ सप्टेंबर १९३९ ला, आणि तीनच दिवसांनी, ६ सप्टेंबरला, खोटा अलार्म वाजला, त्यात ब्रिटिश वायुसेनेच्या ७४ नंबर स्क्वाड्रनच्या (म्हणजे तुकडीच्या) स्पिटफायर वैमानिकांनी ५६ नंबरची हरिकेन जर्मन समजून दोन पाडली. एक वैमानिक, माँटॅग्यू हल्टन-हॅरप, गेला. युद्धात मारला गेलेला पहिला ब्रिटिश फायटर पायलट, आणि त्याला मारलं स्पिटफायरने. स्पिटफायरने युद्धात पाडलेलं पहिलं विमान म्हणजे आपल्याच बाजूचं हरिकेन. ज्या दोन विमानांत मी गोंधळले तीच दोन, आणि गोंधळणारे रोज त्याच विमानांत बसणारे. बार्किंग क्रीकची लढाई म्हणतात त्याला, खवचटपणे. पुढे १९४२ मध्ये ब्रिटिशांचं टायफून लढाईत उतरलं तर ते जर्मन फॉक वुल्फ १९० सारखं दिसायचं, म्हणून पंखाखाली पट्टे रंगवावे लागले. आणि १९४४ ला दोस्तांच्या फौजा फ्रान्समध्ये नॉर्मंडीला उतरल्या तेव्हा तर त्यांच्या बहुतेक विमानांना झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे, ऐनवेळी ब्रशने मारलेले.

मन शांत करायला मी रात्री दुसऱ्यांच्या चुका शोधायचे, खोटं कशाला बोलू. २००९ ला ब्रिटनमध्ये परदेशी लोक नकोत म्हणणाऱ्या एका पक्षाने, ब्रिटिश नॅशनल पार्टीने, प्रचारात स्पिटफायर वापरलं, आणि त्याच्यावरची आरएफ अक्षरं बघून लोकांनी दाखवून दिलं की हे ३०३ स्क्वाड्रनचं, म्हणजे पोलिश वैमानिकांचं विमान आहे. २०१८ च्या शेवटी ब्रिटिश टपाल खात्याने, रॉयल मेलने, डी-डेचं (नॉर्मंडीला उतरले त्या दिवसाचं) तिकीट जाहीर केलं, फोटो निघाला न्यू गिनीचा, अर्धी पृथ्वी पलीकडे, माफी मागावी लागली. आणि सप्टेंबर २०२० ला ट्रम्पच्या प्रचाराच्या जाहिरातीत 'आपल्या सैनिकांना पाठिंबा द्या' म्हणत रशियन मिग-२९ उडत होती. हे काकांना सांगितलं तर ते एवढे हसले की काकू बाहेर आल्या. ओझरच्या डेपोत मिग-२९ ची ओव्हरहॉल होते, त्यामुळे त्यांना ते घरच्या गाईला कोणी घोडा म्हटल्यासारखं वाटलं असणार.

पण काकांचा खरा राग वेगळाच होता. "स्पिटफायर कशाला हवं होतं तुला?" ते म्हणाले. "ब्रह्मदेशच्या लढाईत आपली पोरं जास्त करून हरिकेनवर होती. अर्जन सिंग १९४४ ला इम्फाळला एक नंबर स्क्वाड्रन घेऊन होते ते हरिकेन. मेहेर सिंगांचं सहा नंबर स्क्वाड्रन, ब्रह्मदेशात लढणाऱ्या चौदाव्या आर्मीचे डोळे म्हणायचे त्यांना, तेही हरिकेन. स्पिटफायर आपल्याला मिळालं ते उशिरा." म्हणजे मी चुकून टाकलेलं दुसरं विमान वायुसेना दिनाला जास्त शोभलं असतं, फक्त नाव बरोबर लिहिलं असतं तर.

मग आम्ही ठरवलं की चूक लपवायची नाही, तिचीच पोस्ट करायची. अकॅडमीचे सर आधी नाही म्हणाले, झालं गेलं कशाला उकरता. काका स्वतः माझ्याबरोबर त्यांच्या ऑफिसात आले, खिशातून प्लास्टिकचं हरिकेन काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "सर, एसएसबीला, अधिकारी निवडीच्या मुलाखतीत, पोरं चूक कशी सांगतात ते बघतात ना?" सर दोन मिनिटं ते विमान फिरवून बघत बसले आणि हो म्हणाले.

ह्या वेळी फोटो स्टॉक साइटवरून नाही. म्युझियमच्या संग्रहातले, ज्यांच्या खाली स्क्वाड्रन, जागा आणि साल लिहिलेलं होतं असेच घेतले, तेही काकांनी चष्मा कपाळावर चढवून आधी फोटो आणि मग ओळ वाचली, कारण ओळीही चुकतात म्हणे. पहिल्या स्लाइडवर माझंच जुनं पोस्टर, एक्झॉस्टला लाल गोल करून. दुसऱ्यावर भारतीय हरिकेन. तिसऱ्यावर वायुसेनेचं स्पिटफायर, मार्क आठ. लोगो कोपऱ्यात, एवढासा. कुठल्याही विमानाची शेपटी कापायची नाही हे डिझायनरला लिहून दिलं.

पोस्ट गेली आणि एकाने लगेच लिहिलं, परत चुकलात, ब्रिटिश गोलात लाल ठिपका असतो, तुमच्या विमानाला नाही. पूर्वी असते तर डिलीट केली असती. ह्या वेळी मला उत्तर माहीत होतं: जपान्यांच्या चिन्हात लाल गोळा असायचा, गफलत होऊन आपलीच विमानं पडायला नकोत म्हणून आपल्याकडच्या आघाडीवर लाल काढून टाकला होता, नुसता गडद आणि फिका निळा ठेवला. ते लिहिलं. वायुसेना दिनाच्या सकाळी पहिल्यांदा 'ताई हे जर्मन आहे' म्हणणारा तोच पोरगा संध्याकाळी आला आणि लिहिलं, 'ताई चार पाती तर मार्क नऊलापण असतात मग आठ कशावरून?'

मी फोटो मोठा करून बघितला, काकांना फोन न लावता. मग लिहिलं, 'शेपटीचं चाक बघ, आत गेलंय. नऊचं बाहेरच राहतं.'