विकतचे तळे आणि मोकळी नदी

गेली काही वर्षे मी पैसे भरून खासगी तळ्यावरही गळ टाकतो आणि नदीकाठीही बसतो. दोन्हीकडचा मासा वेगळ्या वळणाचा असतो, हे माझे ठाम मत झाले आहे. तळ्यात सोडलेल्या माशांना दाणेदार खाद्याची इतकी सवय लागलेली असते की, पाण्यावर मूठभर दाणे पडताच ते आवाजाच्या दिशेने झेपावतात. ओढ लागल्यावर दोर कधी सैल सोडायचा आणि कधी आवळायचा, हे लहान मुलाला शिकवायला याहून चांगली जागा नाही. तिथे मोजलेले पैसे मला कधीच जड वाटले नाहीत.

मात्र दाटीने मासे सोडलेल्या तळ्यात उन्हाळी पहाटे प्राणवायू इतका घटतो की, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. अशा वेळी गळ टाकू नये. वारंवार पकडून सोडलेल्या माशांचे फाटलेले ओठ पाहिले की जीव कळवळतो, म्हणून मी आता उलट्या काट्याविनाचा गळ वापरतो आणि हात ओले करूनच मासा धरतो, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो.

नदी पैसे मागत नाही, पण वेळ मागते. मासा प्रवाहाकडे तोंड करून खडकाआडच्या संथ पाण्यात थांबतो आणि वाहत आलेले अन्न टिपतो, हे उमगायला मला कितीतरी रिकाम्या सकाळी घालवाव्या लागल्या. तरीही सुट्टीचा एकच दिवस हाती असला, तर मी नदीच निवडतो.